तबकडीत शिरलेली मैफल

पनवेलहून पुण्याच्या जुन्या रस्त्याने निघून पळस्पे फाटा मागे टाकला की कोन हे गाव लागते आणि पूर्वेस प्रबळगडाचा रुंद माथा दिसू लागतो. गिरणी कामगारांच्या घरांसाठी 2016 साली जी सोडत निघाली, तिच्यातील 2,417 घरे याच गावच्या हद्दीतील असल्यामुळे, लालबाग-परळच्या चाळींत ज्यांचे आयुष्य साच्यांच्या खडखडाटात गेले अशी काही कुटुंबे आता येथील उंच इमारतींत राहावयास आली आहेत. त्यांपैकी एका वृद्ध गृहस्थांकडे माझे जाणेयेणे असते. वयाने ते मला वडील, म्हणून मी त्यांना तात्या म्हणतो. त्यांच्या कपाटात, घराच्या कागदपत्रांच्या पिशवीखाली, साठ मिनिटांची एक कॅसेट असून ती त्यांनी 1980 च्या सुमारास, आखातातून आलेल्या भाच्याच्या टेपरेकॉर्डरवर, चाळीच्या पटांगणातील भजनाच्या डबलबारीत स्वतः भरली आहे.

ती प्रथम ऐकावयास मिळाली तेव्हा गाणे सुरू होण्यापूर्वीच मी तिच्या प्रेमात पडलो. आरंभी कोणी तरी नखाने माइकवर टिचक्या मारतो. एक मूल रडते आणि गप्प केले जाते. पखवाजाच्या धुम्याला लावलेली कणीक अजून जमलेली नाही, हे त्या पहिल्या दोन-तीन कोरड्या थापांवरून ओळखू येते, आणि मग बुवा पेटीवर हात ठेवतात. माझ्या आवडीच्या ध्वनिमुद्रिकांची फेरिस्त कोणी मागितलीच, तर तिच्यात भरणा अशाच मुद्रिकांचा निघेल, ज्यांत गाणाऱ्याबरोबर ऐकणाराही उमटलेला आहे. त्यांच्या कुळाचा शोध घेताना मला असे दिसून आले की, या कुळाचा मूळ पुरुष कोणी कंपनीवाला नसून बहुधा तात्यांसारखाच एखादा हौशी श्रोता आहे.

शब्दांपासूनच आरंभ करावा. मैफल हा अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला शब्द, त्याचा अर्थ जमलेली मंडळी. म्हणजे गाणे हा त्या शब्दाचा मूळ अर्थच नव्हे, मंडळी जमली हे मुख्य. तबकडी ही तबकाची धाकटी लेक. मैफिलीत विड्याचे आणि अत्तराचे तबक फिरत असे, आणि पुढे तबकडीच फिरू लागली. परंतु जी मंडळी त्या तबकाभोवती बसत ती मात्र तबकडीत शिरू शकली नाहीत. ध्वनिमुद्रिका या संस्कृत घडणीच्या शब्दात मुद्रा म्हणजे शिक्का, आणि शिक्का जसा राजाच्या नावाचा असावयाचा तसा तबकडीवरचा शिक्का एकट्या गवयाचा.

असे झाले याचे कारण यंत्राच्या अंगी होते. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग 1902 साली कलकत्त्यास येऊन दाखल झाले आणि हॉटेलच्या खोलीत त्यांनी गौहरजानचा आवाज मेणाच्या तबकडीवर उतरवून घेतला, त्या वेळी ध्वनिमुद्रणात माइक आलेला नव्हता. कर्ण्यात तोंड घालून गावयाचे, आणि तासाभराचा ख्याल तीन मिनिटांत आवरावयाचा. शेवटी इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारावयाचे अशीही वहिवाट पडली, कारण तबकड्या छापल्या जात त्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे, आणि तेथील कारागिरांना कोणते गाणे कोणाचे हे कळण्यास दुसरा दाखला नव्हता. ही तीन मिनिटांची मर्यादा गवयांनी काय विलक्षण कौशल्याने पेलली हे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकणारास सांगावयास नको. 1977 साली व्हॉयेजर यानाबरोबर केसरबाई केरकरांची जी भैरवी अंतराळात गेली तीही साडेतीन मिनिटांच्या आसपासचीच आहे. मात्र त्या भैरवीला कोणी दाद दिली होती किंवा नाही, हे परग्रहवासीयांस कधीच कळावयाचे नाही.

गंमत अशी की, गैसबर्गसाहेब कलकत्त्यात हा व्यवहार करीत असताना न्यूयॉर्कमध्ये नेमके याच्या उलट काम चालले होते. तेथील मेट्रोपॉलिटन ऑपेराचे ग्रंथपाल लायनेल मेपलसन यांना फोनोग्राफाचा नाद लागला, आणि 1901 ते 1903 या काळात त्यांनी ते यंत्र आधी सूचकाच्या खोपटात आणि पुढे रंगमंचाच्या वरच्या मचाणावर नेऊन चालू प्रयोगातील गायन नळकांड्यांवर उतरवून घेतले. एकेक तुकडा अवघा मिनिट-दोन मिनिटांचा, आवाज विहिरीतून यावा तसा; पण त्यांत टाळ्या आहेत. विकण्याचा हेतू नव्हता, कंपनीची सनद नव्हती. दप्तर सांभाळणाऱ्या माणसाने केलेली ही हौस, आणि माझ्या मते या कुळाच्या आद्य पुरुषाचा मान त्याचाच.

पुढच्या पिढीतही हाच गुण उतरलेला दिसतो. 16 जानेवारी 1938 रोजी कार्नेगी हॉलमध्ये बेनी गुडमन यांचा जॅझचा कार्यक्रम झाला, तो अल्बर्ट मार्क्स या गृहस्थांनी आपल्या गायिका पत्नीस भेट देण्यासाठी एकाच माइकवरून मुद्रित करवून घेतला होता. बारा वर्षांनी, म्हणजे 1950 साली, तो दोन लाँग प्लेइंग तबकड्यांवर बाजारात आला. दरम्यान 1948 साली मिनिटाला तेहतीस फेरे घेणारी आणि एका बाजूस वीस-बावीस मिनिटे चालणारी ही तबकडी निघाली होती, आणि जर्मनीत जन्मलेली चुंबकीय फीत युद्धानंतर जगभर पसरली होती. तेव्हा कोठे कंपन्यांना उमगले की, श्रोत्यांना गाण्याबरोबर गाण्याची खोलीही हवी असते.

आपल्याकडे ही खोली सर्वांसाठी प्रथम उघडली ती बव्हंशी आकाशवाणीने. बाळकृष्ण केसकर मंत्री असताना 1952 साली संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि 1954 साली निमंत्रित श्रोत्यांसमोरचे रेडिओ संगीत संमेलन सुरू झाले. 1953 पासून भीमसेन जोशींनी पुण्यास गुरुस्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव भरविण्यास आरंभ केला. केसकरांचे चित्रपटगीतांशी असलेले वैर प्रसिद्ध आहे आणि मला ते कधीही पटले नाही, परंतु तासाभराचा ख्याल घरोघर पोचविल्याचे पुण्य त्यांच्या खात्यावर मांडलेच पाहिजे.

तयार तबकड्यांत माझ्या विशेष लोभाच्या दोन आहेत. 1 ऑगस्ट 1971 रोजी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी झालेल्या मैफिलीच्या संचात रविशंकर, अली अकबर आणि अल्लारखाँ वाद्ये जुळवितात, तो तेवढाच नाद संपताच हजारो लोक टाळ्यांचा कडकडाट करतात, आणि रविशंकर मोठ्या मार्दवाने त्यांस सुचवितात की, जुळवणीच एवढी आवडली तर वादन अधिक आवडेल. कोणत्याही शहाण्या संपादकाने कात्री लावावी असा हा प्रसंग; तो ठेवला गेला हे आपले भाग्य. दुसरी लता मंगेशकरांची, 1974 सालची, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधली. जो आवाज आपण जन्मभर काचेच्या खोलीतून ऐकला, तो तेथे आपल्या माणसांसमोर उभा राहतो. दिलीपकुमारांचे उर्दू प्रास्ताविक थांबते आणि ओळखीच्या गीताच्या पहिल्याच सुरावर सभागृहातून जो हुंकार उठतो, त्यासाठी मी ती तबकडी लावतो. गाणी काय, मूळ मुद्रिकांवर अधिक निर्दोष आहेतच.

फिलिप्सने 1963 साली काढलेल्या कॅसेटने मग हे कुळ घरोघर नांदते केले. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउससारख्या संस्थेने मोठ्या कंपन्यांनी दुर्लक्षिलेल्या बुजुर्गांचे गाणे कॅसेटवर आणले, आणि ज्यांचे गाणे कोणीच आणणार नव्हते त्यांचे तात्यांसारख्यांनी आणले.

परवा पुन्हा ती कॅसेट लावली. फीत सैल झाली होती, म्हणून तात्यांनी प्रथम पेन्सिल घालून ती नीट गुंडाळली. दुसऱ्या बाजूस रात्र सरत आलेली आहे, बुवांचा आवाज बसलेला आहे, गजर द्रुत लयीत चढला आहे. आणि ऐन भरात, पखवाजाच्या बोलांवरून दूरवरून एक लांब, सपाट आवाज येऊ लागतो. तो गिरणीचा भोंगा. पखवाजवाला थांबत नाही, उलट जोराने वाजवू लागतो. एक खटका ऐकू येतो आणि फीत नुसती खरखरू लागते.

"पुढचं कुठं आहे?" मी विचारले.

"पुढचं कुठलं," तात्या म्हणाले, "माझी पहिली पाळी होती ना. मशीन बंद केलं आणि गेलो."