कडू घोट

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात आमचे चारठाणा. लोक येथे येतात ते जुनी दगडी देवळे, कोरीव स्तंभ आणि बारव पाहायला. आल्या-गेल्याला चहा विचारण्याची रीत हिंदू घरात तीच, मुसलमान घरातही तीच. दूध घालून, साखर मोकळ्या हाताने टाकून केलेला चहा. कडू पेय देऊनही पाहुण्याचा मान राखता येतो, हे आम्हांला ठाऊकच नव्हते.

ते कळले परभणीच्या एका चाऊस घरी. घरातला मुलगा आखाती देशात नोकरीला; त्याने आणलेल्या दाण्यांचा कहवा होता. बिनकानाचे एवढेसे फिंजान, त्यात तळाशी चार घोट, पिवळसर रंग, वेलदोड्याचा दरवळ. ना दूध, ना साखर. पहिल्याच घोटाला आमचे तोंड वाकडे झाले. घरातले बुजुर्ग हसले आणि खजुराची ताटली पुढे सरकवत म्हणाले, "शक्कर नक्को मांगो बेटा. पैले खजूर खाओ, फिर घोट लेओ."

तसे केले. घोट जिभेवर क्षणभर थांबू दिला. कडवटपणा गेला नाही, पण त्याच्यामागे दडलेला वास आणि किंचित आंबटपणा कळू लागला. तिसऱ्या फिंजानाला आम्ही साखरेचे नावही काढले नाही. पुरे झाले की फिंजान हलवून परत द्यायचे, हेही तिथेच शिकलो.

कॉफीचा कडूपणा केवळ कॅफिनचा नसतो. दाणा भाजताना तयार होणारे घटक त्यात अधिक असतात. जितका दाणा काळा भाजावा तितका कडूपणा वाढतो. अरबी कहवा हलका भाजलेला, म्हणून त्याचा कडूपणा सौम्य.

हे पेय येमेनच्या सूफींनी पंधराव्या शतकात रात्रीच्या जिक्रसाठी जवळ केले. 'कहवा' हा शब्द अरबीत पूर्वी मद्यालाही वापरत. त्यामुळे वाद होणारच होता. 1511 मध्ये मक्केत खैर बेग या अधिकाऱ्याने कॉफीवर बंदी घातली, पण कैरोहून आलेल्या हुकमाने ती टिकू दिली नाही. आपल्या समाजात नव्या गोष्टीला आधी हराम म्हणायचे आणि मग तिच्याशिवाय करमू नये, ही परंपरा तशी जुनीच!

या इतिहासाचे धागे आपल्या मराठवाड्यापर्यंत येतात. कॉफीचे झाड मूळ इथिओपियाचे. मलिक अंबरही तिथलाच. येमेनच्या ज्या मोखा बंदरातून पुढे कॉफी जगभर गेली, तिथल्या बाजारात तो गुलाम म्हणून विकला गेला. त्याच अंबरने निजामशाहीचा कारभार सांभाळला आणि 1610 मध्ये खडकी वसवली, म्हणजे पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. संगमनेरला जन्मलेला दरगाह कुली खान निजामाबरोबर दिल्लीला गेला आणि 1738 ते 1741 या काळातल्या दिल्लीचे वर्णन त्याने 'मुरक्का-ए-दिल्ली'त केले. चांदणी चौकातल्या कहवाखान्यात जमणारे शायर त्यात भेटतात. कर्नाटकातल्या चिकमगळूरच्या डोंगरात बाबा बुदन यांनी मोख्याहून सात दाणे आणून लावले, अशी आख्यायिका आहे.

आणि आपले चाऊस? हद्रमौतहून आलेले हे अरब निजामाच्या फौजेत होते, तसेच नागपूरकर भोसल्यांच्याही. 1817 मध्ये नागपुरात ते इंग्रजांशी लढले. पुढे गढीची पहारेदारी आणि सावकारी यांमुळे लोकांना त्यांचा धाक वाटे. तो उगाच नव्हता. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले. त्यानंतर अनेक अरबांना अटकेत ठेवले गेले, काहींना परत पाठवले गेले. जे राहिले ते या मातीचे झाले. आज त्यांची मुले मराठी शाळांतून शिकतात.

आम्हांला वाटते, आपण आपला इतिहास फार गोड करून सांगतो. शौर्य सांगतो, सावकारी गाळतो. दुसरे लोक सावकारी सांगतात आणि अटकेतले दिवस गाळतात. दोघेही साखरच घालतात. त्या बुजुर्गांनी कडूपणा लपवला नाही, फक्त सोबत खजूर दिला. आपल्या मुलांना इतिहास द्यायचा तो असाच द्यावा: कडू आहे हे सांगून, आणि पाहुण्यासारखे मानाने जवळ बसवून.