टेबलापासून लांब उभी केलेली पोरगी



सूतगिरणीची रात्रपाळी संपली की मी सकाळी वस्तीतल्या वाचनालयात बसतो. डोळे चुरचुरतात, पण तेव्हा नाही वाचलं तर वाचायचं कधी? मी नववी नापास. कॉलेज बाहेरूनच पाहिलेला माणूस. तरी आज एका कॉलेजातली गोष्ट लिहितोय. घटना समितीत बाबासाहेब होते हे आपल्या पोरांना पाठ आहे. त्याच सभागृहात आपली एक बाई बसत होती, ती कोण, असं विचारलं की सगळे गप्प.

तिचं नाव दाक्षायणी वेलायुधन. जन्म १९१२ चा, कोचीजवळच्या मुळवुकाड बेटावरचा. जात पुलया. भातखाचरात कंबरभर चिखलात राबणारी ही माणसं. भात त्यांनी पिकवायचा, पण रस्त्यानं चालायचं नाही. बायांनी छातीही झाकायची नाही. जमिनीवर सभा घेऊ देत नाहीत, म्हणून १९१३ साली या लोकांनी होड्यांना होड्या बांधल्या आणि खाडीच्या पाण्यावर सभा भरवली! त्या लढ्यात तिच्या घरची माणसं पुढे होती.

अशा घरातली पोरगी शिकली. कोचीन संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली. एर्नाकुलमच्या महाराजा कॉलेजात तिनं रसायनशास्त्र घेतलं. विज्ञानाच्या वर्गात मुलगी ती एकटीच. तिथला सवर्ण मास्तर प्रयोग दाखवताना तिला जवळ येऊ देत नसे. काचेच्या नळीला विटाळ कळत नाही, ॲसिडला जात कळत नाही, पण मास्तरला कळत होती. पोरगी लांब उभी राहिली आणि तिथून बघून बघून शिकली. १९३५ साली पदवीधर झाली. देशातल्या अस्पृश्य जातींतली पहिली पदवीधर बाई म्हणून तिचंच नाव घेतलं जातं.

पुढे दाक्षायणीबाई शाळेत शिकवू लागल्या. १९४६ साली घटना समितीत गेल्या. त्या सभागृहात पंधरा बाया होत्या, त्यांत दलित एकच. अस्पृश्यता नष्ट करणारं कलम २९ नोव्हेंबर १९४८ ला मंजूर झालं, त्या चर्चेत त्या बोलल्या. प्रयोगशाळेत लांब उभी केलेली पोरगी त्या दिवशी त्या कलमावर उभी राहून बोलत होती, हे ध्यानात घ्या.

काही कार्यकर्ते म्हणतील, ही तर गांधीवाली. खरं आहे. १९४० साली त्यांचं लग्न गांधींच्या साक्षीनं सेवाग्रामला लागलं. स्वतंत्र मतदारसंघाला त्यांचा विरोध होता. तिथं मी बाबासाहेबांच्या बाजूचा, त्यात शंका नाही. पण म्हणून तिनं सोसलेलं खोटं ठरतं का? मतभेद मतभेदाच्या जागी. आपल्या बाईचा इतिहास आपणच पुसायचा नसतो.

आता घरातलं सांगतो. माझी धाकटी बहीण सायन्सला होती. प्रॅक्टिकलला तिच्याबरोबर कुणी जोडी करेना. घरी येऊन रडली, तर मी म्हणालो, सोस थोडं. दुसऱ्या वर्षी पैशाची ओढाताण झाली. मी आणि बापानं बसून ठरवलं, भावाचा डिप्लोमा चालू राहील, हिनं घरी बसावं. तिला विचारलंसुद्धा नाही. त्याच वर्षी जयंतीला मी सावित्रीमाईवर तासभर बोललो. बहीण मंडपामागं जेवणाचा कांदा चिरत होती.

दाक्षायणीला मास्तरनं टेबलापासून लांब ठेवलं. माझ्या बहिणीला टेबलावरून उठवणारा मीच. मास्तरला शिवी देताना जीभ सैल सुटते, स्वतःचं नाव घेताना अडखळते.

२० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची परिषद भरली होती. समाज किती पुढं गेला हे मी बायांच्या प्रगतीवरून मोजतो, अशा अर्थाचं बाबासाहेब तिथं बोलले. त्या मापानं आपलं घर मोजा. आपली कमिटी मोजा. स्टेजवर किती बहिणी आणि मंडपामागं किती, ते मोजा.

यंदा बहिणीचा फॉर्म पुन्हा भरलाय. फीसाठी मी जादा पाळी धरलीय. हे उपकार नाहीत, देणं आहे.

जय भीम.