रविवार कुणी मिळवला, कुणाला मिळाला?

मी मुलुंडहून बोलते आहे. इथल्या वस्तीतल्या बचत गटांचं काम मी बघते. गेल्या वर्षी एका गटाची बैठक मी मुद्दाम रविवारी दुपारी ठेवली. म्हटलं, सुट्टीचा दिवस आहे, सगळ्या येतील. अकरा जणींपैकी चारच आल्या. एकीनं निरोप पाठवला, "ताई, रविवार सोडून कधीही ठेवा. त्या दिवशी सगळे घरी असतात, मला मान वर करायला वेळ नसतो."

मग प्रश्न पडला, ही रविवारची सुट्टी आली तरी कुठून? आपल्याला वाटतं, साहेब चर्चला जायचा म्हणून ती मिळाली. सरकारी कचेऱ्यांपुरतं ते ठीक. पण मुंबईच्या गिरणी कामगारांना ती कुणी आपणहून दिलेली नाही.

त्या काळी गिरणी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चालायची. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम जास्त. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुले यांचे सत्यशोधक सहकारी आणि 'दीनबंधू' पत्राचे संपादक. स्वतः गिरणीत नोकरी केलेली, त्यामुळे हाल माहीत होते. १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्यांचा अर्ज तयार केला. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा आणि वेळेवर पगार या त्यातल्या मुख्य मागण्या. त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या.

मालकांनी लगेच ऐकलं नाही. सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार बायकाही उभ्या राहून बोलल्या. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी एवढ्या गर्दीपुढे बोलायला केवढं धाडस लागलं असेल! अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, कारखान्यांच्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली आणि बायकांचं काम दिवसाला अकरा तासांवर आणलं गेलं.

तास मात्र हळूहळू कमी झाले. १९२२ च्या कायद्यानं आठवड्याला ६० तास ठरले, १९३४ च्या कायद्यानं बारमाही कारखान्यांत ५४. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर केंद्रात मजूर खातं सांभाळत होते. त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीमुळे १९४६ मध्ये ४८ तासांचा आठवडा आला. १९४८ च्या कारखाना कायद्यानं तोच कायम केला.

पण हा कायदा कारखान्याच्या फाटकापाशीच थांबला. आमच्याकडे एलबीएस मार्गालगत पूर्वी कारखाने होते, आता तिथे टॉवर आहेत. आमच्या बायका त्या टॉवरमध्ये धुणीभांडी आणि स्वयंपाकाला जातात. त्यांना ४८ तासांचा नियम नाही. तुमच्याकडे खुरपणीला, कापूस वेचायला जाणाऱ्या बाईलाही नाही. आणि स्वतःच्या घरातल्या कामाला तर हिशोबच नाही. २०२४ च्या सरकारी पाहणीनुसार घरची कामं करणाऱ्या बायका त्यावर रोज सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. सात दिवसांचे बायकांचे जवळजवळ ३४ तास होतात, तेही बिनपगारी.

आता पुढचं बघा. आपल्या राज्यात सरकारी कचेऱ्यांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. कारखान्यांत आठवड्याचे तास ४८ च ठेवून रोजचे तास बारापर्यंत न्यायचं चाललं आहे. म्हणजे चार दिवस काम आणि तीन दिवस सुट्टी. ऐकायला छान वाटतं. पण बारा तासांची पाळी आणि जाण्यायेण्याचा वेळ गेल्यावर लेकरांना कोण बघणार, पाणी कोण भरणार? आणि त्या तीन सुट्ट्या आमच्या रविवारासारख्याच जायच्या असतील, तर त्यात बाईला विसावा कुठला?

आमच्या गटानं एक केलं. सात दिवस प्रत्येकीनं वहीत आपल्या कामाचे तास लिहिले. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी रेघा ओढल्या. एकीचे रोजचे तेरा तास भरले. तिनं ती वही नवऱ्यापुढे ठेवली, आता रविवारी सकाळचं पाणी आणि भाजी तो बघतो. एकाच इमारतीत काम करणाऱ्या चौघी मिळून घरमालकिणींकडे गेल्या आणि महिन्याला दोन सुट्ट्या मागितल्या. तिघींना मिळाल्या. चौथीला नाही मिळाल्या. ती पुन्हा मागणार आहे, आणि बाकीच्या तिघी तिच्यासोबत जाणार आहेत.

लोखंडे यांनी आधी सह्या गोळा केल्या, मग मागणी रेटली. आपण आधी तास मोजूया. तुमच्या पुढच्या बैठकीत बचतीच्या वहीशेजारी ही वही ठेवा. आणि बैठक कधी घ्यायची, ते आधी बायकांना विचारा. मी आता विचारते.