शिसेविरहित पेट्रोल आणि जुनी वाहने
पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड मिसळले की इंजिनातील ‘नॉकिंग’ (इंधनाचे अवेळी, ठोके देत पेटणे) थांबते, हे थॉमस मिजली यांनी 1921 मध्ये दाखवले. शिसे विषारी, पण त्याचा एक आडफायदाही होता: ज्वलनानंतर उरलेल्या शिशाच्या संयुगांचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची सीट यांच्यामध्ये वंगणासारखा काम करी.

भारतात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झाले. शिशाचा थर गेल्यावर बिडाचे सिलिंडर हेड असलेल्या अँबेसेडर, मॉरिस मायनरसारख्या गाड्यांना खरा धोका सीट झिजण्याचा. तापलेला व्हॉल्व्ह सीटला सूक्ष्म ठिकाणी चिकटतो, सुटताना धातूचे कण ओरबाडतो. सीट खचते, टॅपेटची फट मिटते, कॉम्प्रेशन जाते. सतत वेगाने, भार ओढत पळणाऱ्या गाडीत हे लवकर घडते. रविवारी फेरफटका मारणाऱ्या विंटेज गाडीची चिंता बरीचशी अनाठायीच.

पक्का उपाय म्हणजे हेड उतरवून कठीण पोलादी सीट बसवणे. पोटॅशियम वा मँगनीजयुक्त मिश्रके टाकीत घालणे ही तात्पुरती सोय. शिशाविना पेट्रोलचा ऑक्टेन (नॉकिंग रोखण्याची क्षमता) कमी पडल्यास इग्निशन टायमिंग थोडे मागे घेतात. अॅल्युमिनियमच्या हेडात वेगळ्या सीट मुळातच असतात. जुन्या टू-स्ट्रोक बजाज चेतकला तर असे व्हॉल्व्हच नाहीत.