गाडग्यातल्या अंड्यांचा हिशेब

आमच्या चऱ्होलीत बाईमाणसाच्या हातात पैसा येण्याच्या वाटा मोजक्या होत्या. शेतमाल पुण्याला जाई, त्याची पट्टी घरातल्या पुरुषाच्या हाती पडे. दुधाचा पगारही त्याच्याच नावावर. कोंबड्यांकडे मात्र पुरुष माणूस ढुंकून बघत नसे. म्हणून अंड्यांचा पैसा बायकांचा. गावाचा इतिहास सांगताना हा हिशेब कुणी मांडत नाही, म्हणून मी मांडतो.

गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. वर्षाकाठी पन्नास-साठ अंडी मिळाली तरी खूप. पण परसात आठ-दहा कोंबड्या असल्या की गाडगं भरायला वेळ लागत नसे. आजी अंडी तुसात, निमुळतं टोक खाली करून ठेवायची आणि प्रत्येक अंड्यावर कोळशाची रेघ ओढायची. दर आठवड्याला एक रेघ वाढायची. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचं हे दप्तर.

वय बघून अंड्याची वाट ठरे. पहिल्या आठवड्यातलं, चांगल्या आकाराचं अंडं रवणीला. दहा दिवसांपुढचं बसवलं तर पिलू निघायची खात्री कमी. त्याच्या खालोखालचं विकायला. आणि दोन-तीन रेघांचं अंडं घरात. म्हणजे कोंबड्या आमच्या, पण ताजं अंडं आमच्या ताटात क्वचितच येई. आलं तर बाळंतिणीच्या नाहीतर आजाऱ्याच्या.

शिळं अंडं आजी आधी पाण्यात सोडायची. ताजं तळाशी आडवं पडतं. दिवस जातील तसं आतलं पाणी कवचातून उडतं, हवेची पोकळी वाढते आणि अंडं उभं राहतं. तरंगलं की उकिरड्यावर. "उभं ऱ्हायलं तर आपलं, तरंगलं तर कुत्र्याचंबी न्हाई," असं ती म्हणायची. उभं राहिलेलंही थेट रश्शात फोडायचं नाही. आधी वाटीत फोडायचं, वास घ्यायचा, मग सोडायचं. एक नासकं निघालं तर सगळं कालवण जायचं. उकडायला मात्र शिळंच बरं, त्याचं कवच सहज सुटतं.

उन्हाळ्यात हा हिशेब आखडायचा. कोंबडा कळपातच असल्यामुळे अंडी फळलेली असत आणि वैशाखाच्या उकाड्यात कोंबडी न बसवताही आत पिलू धरू लागे. तेव्हा दुसरी रेघ पडायच्या आत अंडं खपवायचं.

खरी अडचण पावसाळ्यात. आळंदी जवळ. आषाढीला निघालेली माउलींची पालखी आमच्या शिवारातल्या थोरल्या पादुकांपाशी टेकून दिघीकडे जाते. आजोबा माळकरी. अंडं घरच्या चुलीवर चढत नसे. परसात तीन दगड मांडून, वेगळ्या पातेल्यात शिजे. श्रावणात तर तेही बंद. म्हणून आखाड सरायच्या आत गाडगं रिकामं करायचं. पण कोंबडीला श्रावण ठाऊक नाही. ओलीत पिलं जगत नाहीत म्हणून रवणही बसवता येत नसे. मग दारावर येणाऱ्या व्यापाऱ्याला अंडी द्यायची. तो ती खडकीला, लष्कराच्या बाजारात न्यायचा. भाव पाडून मागायचा आणि आजी दोन रेघांची अंडी वर दाखवून, एका रेघेची खाली ठेवून घासाघीस करायची. त्या पैशातून बांगड्या, माहेरचा एसटीचा खर्च आणि माझ्या आत्याची पहिली पाटी आली.

१९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती झाली, पुढे पोल्ट्रीच्या पांढऱ्या अंड्यांचे ट्रे गावच्या दुकानात आले आणि व्यापारी फिरकेनासा झाला. १९९७ मध्ये चऱ्होली बुद्रुक पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं. परसाचे गुंठे झाले. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला, लाखो पक्षी मारले गेले. नवापूर आमच्यापासून कितीतरी लांब. तरी आमच्याकडेही अंड्याला कुणी हात लावेना. आईचं गाडगं काठोकाठ भरलं. नीट शिजवलेलं खायला हरकत नाही, असं सरकारी लोक सांगत होते. आई अंडी दगडासारखी घट्ट उकडायची आणि आम्ही पंधरा दिवस तेच खाल्लं. जमीन विकल्यावर घराला बरा पैसा आला, पण तो सातबाऱ्यावर ज्यांची नावं त्यांना. कोंबड्या गेल्या तशी बायकांची मिळकत बिनबोभाट गेली; तिची नुकसानभरपाई कुणी मागितली नाही.

भावजयीने उरलेल्या दोन गुंठ्यांत पाच कोंबड्या ठेवल्यात. समोरच्या सोसायटीतल्या बाया गावरान म्हणून दुप्पट पैसे देऊन अंडी नेतात. ती अंड्यावर पेन्सिलीने तारीख टाकते. जुनी झालेली अजूनही घरात उकडते. बाया मोबाईलवरून पैसे देऊ पाहतात, पण ते जातात दादाच्या खात्यात. म्हणून ती सांगते, "ताई, अंड्याचे तेवढे रोख द्या."