आर्किटेक्ट कोणाला म्हणायचं? पदवी, नोंदणी आणि १९७२ चा कायदा काय सांगतो

घर बांधायला काढलं की पहिला प्रश्न असतो, प्लॅन कोण करणार? ओळखीतून दोन-तीन नावं मिळतात. एकाच्या कार्डवर 'आर्किटेक्ट' असतं, दुसऱ्याच्या 'डिझायनर', तिसऱ्याच्या 'कन्सल्टंट'. फी आणि झालेली कामं पाहून आपण एकाला निवडतो. पण या तीन शब्दांपैकी कायद्याने राखून ठेवलेला शब्द एकच आहे, तो म्हणजे 'आर्किटेक्ट'. तो कोणाला वापरता येतो आणि त्यातून आपल्याला नेमकी कसली खात्री मिळते, हे समजून घेऊ.

आर्किटेक्ट म्हणजे नेमकं कोण?

भारतात याचं उत्तर 'आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट, १९७२' या केंद्रीय कायद्यात आहे. कायद्याच्या व्याख्येनुसार ज्याचं नाव कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या नोंदवहीत आहे, तो आर्किटेक्ट. म्हणजे बी. आर्क. ही पाच वर्षांची पदवी नोंदणीसाठी लागते, पण फक्त पदवी मिळाली म्हणून कोणी कायद्याने आर्किटेक्ट होत नाही. नोंदणीही एकदा करून संपत नाही. तिचं ठरलेल्या मुदतीत नूतनीकरण करावं लागतं.

नोंदणी झालेल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो. तो 'सीए' या अक्षरांनी सुरू होतो, पुढे नोंदणीचं वर्ष आणि मग अनुक्रमांक असतो. इथे सीएचा चार्टर्ड अकाउंटंटशी संबंध नाही, ही कौन्सिलच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत.

नोंदणी नसेल तर काय करता येत नाही?

कायद्याचं कलम ३७ सांगतं की, नोंदणी नसलेल्या व्यक्तीला 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावता येणार नाही. याला काही अपवाद आहेत. मोकळ्या जागा आणि झाडांची रचना करणारे 'लँडस्केप आर्किटेक्ट' आणि जहाजांचा आराखडा करणारे 'नेव्हल आर्किटेक्ट' यांना हे कलम लागू नाही. परदेशात व्यवसाय करणाऱ्या आर्किटेक्टलाही केंद्र सरकारची आधी परवानगी घेऊन भारतातल्या एखाद्या ठरावीक प्रकल्पावर सल्लागार किंवा डिझायनर म्हणून काम करता येतं.

'इंटिरियर आर्किटेक्ट' हे नाव मात्र या अपवादांमध्ये नाही.

मग नोंदणीशिवाय प्लॅन काढणं गुन्हा आहे का?

नाही. १९७२ च्या कायद्याने नाव राखून ठेवलं, काम राखून ठेवलं नाही. विधेयक मांडतानाच सरकारने स्पष्ट केलं होतं की, इमारतींचं डिझाइन आणि देखरेख करण्याचा हक्क फक्त आर्किटेक्टना दिलेला नाही. इंजिनिअर आणि इतर व्यावसायिक आपलं काम करू शकतात, त्यांनी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचं नाही इतकंच.

मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ कायम ठेवला. प्रकरण नोएडा प्राधिकरणातल्या बढतीचं होतं. नोंदणी नसलेल्या व्यक्तीला वास्तुरचनेशी संबंधित काम करायला कलम ३७ आडवं येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. मात्र ज्या पदाच्या नावात 'आर्किटेक्ट' आहे, त्यावर कायद्याने मान्य केलेली पात्रता नसलेल्यांना नेमता येणार नाही, हेही सांगितलं. प्राधिकरणाला पदाचं नाव बदलण्याची मुभा होती.

ब्रिटनमध्येही अशीच व्यवस्था आहे. तिथे १९३१ पासून नोंदवही आहे, १९३८ च्या कायद्याने 'आर्किटेक्ट' हा शब्द राखीव झाला आणि आता १९९७ चा कायदा लागू आहे. तिथल्या अपवादांत तर 'गोल्फ कोर्स आर्किटेक्ट'सुद्धा आहे!

खोटं नाव लावलं तर शिक्षा काय?

१९७२ साली ठरवलेली शिक्षा अशी: पहिल्या गुन्ह्याला ५०० रुपयांपर्यंत दंड. पुन्हा तोच गुन्हा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय सामान्य ग्राहकाला या गुन्ह्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही. केंद्र सरकारच्या आदेशाने किंवा कौन्सिलने अधिकार दिलेल्या व्यक्तीने तक्रार केली तरच कोर्ट दखल घेतं. त्यामुळे काम देण्याआधी तपासणं हाच ग्राहकासाठी सोपा मार्ग आहे.

मग नोंदणीचा ग्राहकाला फायदा काय?

पहिला फायदा, दाद मागायला जागा मिळते. नोंदणीकृत आर्किटेक्टना १९८९ ची व्यावसायिक आचारसंहिता लागू आहे. गैरवर्तन सिद्ध झालं तर कौन्सिल समज देऊ शकते, व्यवसाय करण्यापासून निलंबित करू शकते किंवा नोंदवहीतून नाव काढू शकते. नोंदणी नसलेल्या डिझायनरवर कौन्सिलला अशी कारवाई करता येत नाही. इंटिरियर डिझायनरांसाठी देशात असा वेगळा केंद्रीय कायदाही नाही. त्यांच्या संस्था आहेत, पण सदस्यत्व ऐच्छिक आहे. तिथे वाद झाला तर लेखी करार आणि ग्राहक कायद्याचाच आधार असतो.

दुसरा फायदा फ्लॅट घेणाऱ्यांचा. रेरा कायद्यानुसार ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम बिल्डरला वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. त्यातून पैसे काढायला इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए (इथे मात्र चार्टर्ड अकाउंटंट) या तिघांची प्रमाणपत्रं लागतात. रेरामध्येही आर्किटेक्ट म्हणजे १९७२ च्या कायद्याखाली नोंदणी झालेलाच.

काम देण्याआधी काय तपासाल?

• नोंदणी क्रमांक मागा आणि तो कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासा. नाव जुळतं का आणि नोंदणी चालू आहे का, हे पाहा.

• महापालिकेत किंवा नगरपालिकेत प्लॅनवर सही कोण करणार, हे आधीच विचारा. महाराष्ट्रात परवानाधारक इंजिनिअरही प्लॅन सादर करू शकतात. कोणत्या पात्रतेवर किती मोठं बांधकाम हाताळता येईल, याच्या मर्यादा विकास नियंत्रण नियमावलीत दिल्या आहेत.

• चित्र एकाने काढायचं आणि सही दुसऱ्याने करायची, असं असेल तर सही करणाऱ्याला प्रत्यक्ष भेटा. तो साइटवर येणार का, हे लिहून घ्या.

• कॉलम, बीम, स्लॅबचं गणित हे स्ट्रक्चरल इंजिनिअरचं काम आहे. आर्किटेक्ट नोंदणीकृत असला तरी त्या कामासाठी कोण आहे, हे वेगळं विचारा.

नोंदणी असली म्हणजे घर देखणं होईलच असं नाही आणि नोंदणी नसलेला माणूस वाईटच काम करतो असंही नाही. पण भिंतीला तडा गेला किंवा भोगवटा प्रमाणपत्र अडकलं, तर जबाबदारी कोणाच्या सहीवर आहे हे तुम्हाला माहीत असायला हवं.