परसबागेतील तळे आणि लाल कानाचे कासव : एका पाळीव प्राण्याच्या व्यापाराचा इतिहास

प्रस्तावना :

मानव आणि प्राणी यांच्या संबंधांचा इतिहास बहुधा शेती, युद्ध आणि शिकार यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. हौसेखातर पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकडे इतिहासलेखनाचे लक्ष तुलनेने उशिरा वळले. वास्तविक पाहता हौसेच्या प्राण्यामागेही व्यापार, कायदा आणि सार्वजनिक आरोग्य यांचा गुंतागुंतीचा इतिहास दडलेला असतो. परसबागेतील तळ्यात पाळले जाणारे लाल कानाचे कासव हे याचे बोलके उदाहरण होय. 'रेड-इअर्ड स्लायडर' या व्यापारी नावाने ते जगभर परिचित आहे. प्रस्तुत लेखात विसाव्या शतकाच्या मध्यापासून आजपर्यंतच्या या कासवाच्या प्रवासाचा आढावा घेतला असून, प्रत्येक कायद्याने एक प्रश्न सोडवताना हे कासव दुसऱ्या जागी कसे ढकलले, याचा विचार केला आहे.

प्राण्याचा परिचय :

ट्रॅकेमिस स्क्रिप्टा एलिगन्स हे या कासवाचे शास्त्रीय नाव. अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे हे त्याचे मूळ वसतिस्थान. डोळ्यांमागील तांबड्या पट्ट्यामुळे ते सहज ओळखता येते. नुकतेच अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीचे, हिरवेगार आणि आकर्षक असते. मात्र पूर्ण वाढलेल्या मादीचे कवच पंचवीस सेंटिमीटरहून अधिक लांब होते आणि योग्य निगा राखल्यास हा प्राणी वीस ते तीस वर्षे सहज जगतो. पिल्लाचा आकार आणि प्रौढ कासवाचा आकार यांतील हे अंतर पुढील सर्व घटनाक्रमाच्या मुळाशी आहे.

व्यापाराचा उदय :

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेत, विशेषतः लुइझियाना राज्यात, कासवांची पैदास करणारी शेततळी उभी राहिली. तेथील पिल्ले स्वस्त वस्तूंच्या दुकानांतून विकली जात. सोबत प्लॅस्टिकचे उथळ भांडे आणि त्यात प्लॅस्टिकचेच ताडाचे झाड असे. काही विक्रेते तर पिल्लांच्या पाठीवर रंगीत चित्रेही काढत. कासव हे जणू लहान मुलांचे खेळणेच बनले होते.

या भांड्यात पिल्लाला ना पुरेसे ऊन मिळे, ना पोहण्याइतके पाणी, ना योग्य आहार. कॅल्शियमच्या अभावी कवच मऊ पडून असंख्य पिल्ले अल्पकाळातच दगावत. या मृत्यूंमुळे एक प्रश्न झाकलेला राहिला. वाढलेल्या कासवाचे करायचे काय, हे विचारण्याची वेळ बहुतेक कुटुंबांवर आलीच नाही. ज्या घरात कासव जगले, त्या घराला मात्र मोठ्या टाकीची किंवा परसातील तळ्याची गरज भासू लागली.

१९७५ चा निर्बंध :

१९७० च्या दशकाच्या प्रारंभी या व्यापाराला धक्का बसला, तो सार्वजनिक आरोग्याच्या कारणाने. कासवांच्या शरीरात साल्मोनेला जिवाणू असतात आणि ते कासवाला अपाय न करता माणसाला आजारी पाडतात, हे स्पष्ट झाले होते. त्या काळात अमेरिकेत कासवांच्या संपर्कातून दरवर्षी सुमारे २ लाख ८० हजार लोकांना ही बाधा होत असावी, असा अंदाज व्यक्त झाला. त्यांत लहान मुलांचे प्रमाण मोठे होते. अखेर १९७५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चार इंचांपेक्षा कमी लांबीचे कवच असलेल्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. यापेक्षा मोठे कासव मूल तोंडात घालू शकणार नाही, असा या मर्यादेमागील विचार सांगितला जातो. या बंदीमुळे मुलांमधील वर्षाला सुमारे एक लाख रुग्ण टळले, असा अंदाज पुढे मांडण्यात आला. आरोग्याच्या दृष्टीने हा निर्णय यशस्वी होता, यात शंका नाही.

तथापि या नियमात निर्यातीला मुभा होती. देशातील बाजार आटल्यावर पैदास केंद्रांनी परदेशी बाजारांकडे मोर्चा वळवला. १९८९ ते १९९७ या काळात अमेरिकेतून ५ कोटी २० लाखांहून अधिक लाल कानाची कासवे निर्यात झाली. अमेरिकी मुलांसाठी जे धोक्याचे मानले गेले, तेच युरोप आणि आशियातील मुलांसाठी राजरोस पाठविले गेले, ही या इतिहासातील ठळक विसंगती होय.

युरोपातील तळी :

१९८० च्या दशकाच्या अखेरीस 'निन्जा टर्टल्स' या चित्रमालिकेच्या लोकप्रियतेमुळे युरोपात कासवांची मागणी आणखी वाढली. काही वर्षांतच ही पिल्ले घरातील काचेच्या टाकीत मावेनाशी झाली आणि त्यांची रवानगी बागेतील तळ्यात होऊ लागली. परंतु कमळे व मासे यांच्यासाठी बांधलेले तळे कासवाला रोखू शकत नाही. हे कासव पाणवनस्पती, बेडूकमाश्या आणि लहान मासे फस्त करते. अंडी घालण्याच्या काळात मादी पाण्याबाहेर पडून माती शोधत निघते. तळ्याभोवती पक्के कुंपण नसेल तर कासव परसात न राहता जवळच्या ओढ्यात पोहोचते. ज्यांना तेही नकोसे झाले, त्यांनी ते स्वतःच नदीत वा सार्वजनिक तळ्यात सोडले.

याचे परिणाम फ्रान्समध्ये तपासले गेले. आंत्वान कादी आणि पिएर जोली या संशोधकांनी लाल कानाची कासवे आणि युरोपातील स्थानिक तळकासवे यांना एकत्र ठेवून केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २००३ व २००४ मध्ये प्रसिद्ध केले. ऊन खाण्याच्या उत्तम जागा परकीय कासवे बळकावतात, तर स्थानिक कासवांचे वजन घटून त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण वाढते, असे त्यांना आढळले. तत्पूर्वी, २००० साली, जगातील शंभर सर्वाधिक उपद्रवी परकीय प्रजातींच्या यादीत या कासवाचा समावेश झाला होता.

युरोपीय संघाने १९९७ मध्ये या उपप्रजातीची आयात थांबवली. तेव्हा व्यापाऱ्यांनी पिवळ्या पोटाच्या जवळच्या उपप्रजातीची विक्री सुरू केली. अखेर २०१६ मध्ये संपूर्ण प्रजातीच आक्रमक म्हणून सूचीबद्ध झाली. पूर्वीपासून कासव पाळणाऱ्यांना ते त्याच्या नैसर्गिक मृत्यूपर्यंत ठेवण्याची मुभा मिळाली, मात्र ते निसटणार नाही आणि त्याची वीण होणार नाही, या अटीवर. जपाननेही १ जून २०२३ पासून अशीच वाट चोखाळली. तेथे पाळण्यास परवानगी आहे, परंतु विक्री करण्यास व मोकळे सोडण्यास मनाई आहे.

भारतीय संदर्भ :

भारतात पाण्यातील कासव ही परकी कल्पना नाही. शिवमंदिरात नंदीच्या जवळ कोरलेले दगडी कासव, कूर्मावताराची कथा आणि पाणी स्वच्छ राहावे म्हणून विहिरीत कासव सोडण्याची महाराष्ट्रातील रीत सर्वपरिचित आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी वन्यजीवांना संरक्षण दिले. लिसेमिस पंक्टाटा हे मऊ कवचाचे कासव या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असून ते पाळणे गुन्हा ठरतो. परकीय कासव मात्र दीर्घकाळ या चौकटीबाहेर राहिले. परिणामी शोभिवंत माशांच्या दुकानांतून लाल कानाचे पिल्लू उघडपणे विकले जाऊ लागले. घरात कासव असणे शुभ, या समजुतीनेही त्याला गिऱ्हाईक मिळवून दिले. पुढे वाढलेले कासव तलावात किंवा मंदिराच्या पुष्करणीत सोडताना आपण त्याला जीवदान देत आहोत, अशीच सोडणाऱ्याची भावना असू शकते. परंतु त्याच पाण्यातील देशी कासवाच्या दृष्टीने ते जीवदान नसते. २०१८ मध्ये केरळातील त्रिशूर परिसरात हे कासव मोकळ्या पाण्यात आढळले. वन्यजीव कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने आक्रमक परकीय प्रजातींची आयात, व्यापार आणि बाळगणे यांचे नियमन करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, १९७५ च्या निर्बंधाने मुलांचे आरोग्य राखले, १९९७ च्या आयातबंदीने युरोपची सीमा राखली आणि १९७२ च्या कायद्याने भारतातील देशी कासव राखले. यांपैकी प्रत्येक उपाय आपापल्या जागी योग्यच होता. परंतु विकलेले पिल्लू पंचवीस वर्षे कोठे राहणार, हा प्रश्न यांतील एकाही उपायाच्या केंद्रस्थानी नव्हता. तो विचारला गेला २०१६ नंतर, कोट्यवधी कासवे विकली गेल्यावर. परसबागेतील तळे हे या दिरंगाईचे मूक साक्षीदार आहे. प्राण्याच्या विक्रीचा विचार त्याच्या संपूर्ण आयुष्यमानासह झाला पाहिजे, हाच या इतिहासाचा बोध म्हणता येईल.